तोरण्याच्या पायथ्याचा मीटर

भोर-वेल्ह्याकडे लोक गड चढायला जातात. परत आले की पायाला किती फोड आले आणि वरून काय काय दिसलं ते सांगतात. मी तोरण्याच्या पायथ्याशी एक मुक्काम करून आले आणि गडाकडे धड मान वर करून पाहिलंही नाही. माझं सगळं लक्ष एका घराच्या पडवीतल्या फळीकडे होतं. त्या फळीवर, निळ्या फडक्याखाली, एक जुना मीटर होता.

आधी मीटरचं सांगते. नाहीतर हर्णैच्या बाजारात मला विचारतात तसं तुम्हीही विचाराल, की बाई, एवढा घाट चढून गेलात आणि आणलंत काय, तर रेडिओचा खोका? मल्टिमीटर म्हणजे वीज मोजायचं यंत्र. दाब किती, प्रवाह किती, तारेत अडथळा किती, सगळं आकड्यांत दाखवतं. खिशात मावणारे मीटर कुठंही मिळतात, पण त्यांचं सांगणं अंदाजपंचे. टेबलावर ठेवायचा मोठा मीटर वेगळा. तो सावकाश सांगतो, पण सांगतो ते पक्कं.

हर्णै बंदराच्या मागच्या आळीत आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा आहे. पुढच्या खोलीत होड्यांचे वायरलेस सेट दुरुस्तीला येतात, मागच्या खोलीत मी गावातल्या पोरापोरींना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्या वर्गाला सरकारी मान्यता हवी होती. तपासायला आलेल्या साहेबांनी चहा घेतला, भिंतीवरचे तक्ते पाहिले आणि सांगितलं, टेबलावरचा चांगला मीटर असल्याशिवाय प्रयोगशाळा म्हणता येणार नाही. नवा घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. जुना शोधायचा, एवढंच हातात होतं.

आता 'आमच्या'मधला दुसरा माणूस. प्रयोगशाळा सदानंदनं आणि मी मिळून काढली. सदानंद माझा नवरा. पॉलिटेक्निकला आम्ही एकाच टेबलावर प्रॅक्टिकल करायचो, त्यामुळे घरात अरेतुरे चालतं. बाहेर मात्र मी शहाण्यासारखी 'आमचे हे' म्हणते. तीन वर्षं झाली, तो मस्कतला आहे. वर्ग रीतसर सुरू झाला की दोघांचं इथंच भागेल, मग मी परत येतो, असं जाताना म्हणाला होता. पहिल्या वर्षी दर शुक्रवारी फोनवर हेच बोलायचा. अलीकडे मी विषय काढला की 'बघू' म्हणतो. आमच्या आळीत असे आखातातून 'बघू' म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या बायकांचे केस पिकले, बंगल्यांना दोनदा रंग लागला, माणसं तिकडेच आहेत. सदानंदला हे वर्ष सरायच्या आत मालकाला सांगायचं होतं, की राहतो की जातो. मला मीटर हवा होता तो त्याच्या आत. साहेबांसाठी हवा होताच, पण खरं सांगायचं तर नवऱ्यासाठी हवा होता.

जाताना आमचा एकुलता एक बरा मीटर तो घेऊन गेला. त्याच्या वायरी मात्र, म्हणजे टोकाला सुया असलेली ती लाल-काळी जोडी, टेबलाच्या वरच्या खिळ्याला लटकत राहिली. एवढा हुशार माणूस आणि नेमक्या वायरी विसरला म्हणून मी तेव्हा चिडले होते. त्यानं तिकडे नव्या घेतल्या. निघायच्या सकाळी त्या जुन्या वायरी पिशवीत टाकाव्यात असं वाटलं, हातही वर गेला, पण खिळ्यावरून काढवेनात. तशीच निघाले.

वरंधा घाट

दिवाळी होऊन गेलेली. महाडहून भोरची एसटी धरली. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी पिशवीत सोडे घेतले होते. आमच्याकडे वाळवलेली कोळंबी म्हणजे चांगला आहेर. गाडी वळणं घ्यायला लागली, खिडक्या बंद झाल्या आणि सोड्यांनी आपलं अस्तित्व जाहीर केलं. शेजारच्या आजीबाईंनी आधी पदर नाकाला लावला, मग माझ्याकडे पाहिलं, मग सरळ मागच्या बाकावर जाऊन बसल्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, त्याचं अर्धं तिकीट काढा." सगळी गाडी हसली. मीही हसले, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबली. तिथली कांदाभजी आणि चहा घेतल्याशिवाय ड्रायव्हर पुढे जात नाही, हे मला तेव्हा कळलं. हवा कोरडी होती. आमच्याकडे दिवाळीनंतरही दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत ओलसरच असतात. इथं माझा ओठ तासाभरात फुटला. मला पहिलं मनात आलं ते हे, की या हवेत यंत्रं किती सुखात राहत असतील. दुसरं मनात आलं, की सदानंदच्या तिकडेही अशीच कोरडी हवा असेल. त्याचे ओठ फुटत असतील आणि तो काही लावत नसेल. भजी गरम होती, पण मग गेली नाहीत.

भोर

भोरला जायचं कारण असं. हमरस्त्यावरचा एक कारखाना बंद पडला आणि त्याची तपासणीची यंत्रं लिलावात गेली, ती त्या भागात तिघाचौघांच्या घरी पडून आहेत, अशी बातमी महाडच्या एका ओळखीच्या रेडिओवाल्यानं दिली होती. त्यानं पत्ता दिला तो इक्बालभाईंचा. एसटी स्टँडापासून चार पावलांवर त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचे, पांढरी दाढी, कपाळावर चष्मा, आणि नाकावर दुसरा.

"या ताई, या. महाडवरनं सांगावा आलाय. बसा. आदी च्या घ्या, मीटर कुठं पळून जात न्हाई."

त्यांच्याकडचा मीटर दिसायला देखणा होता. मी पाकिटातून माझा रेझिस्टर काढला, म्हणजे विजेला बरोबर दहा हजार ओहमचा अडथळा करणारा बोटाच्या पेराएवढा तुकडा. हा आमच्या पॉलिटेक्निकच्या सरांनी दिलेला. थंडी असो, ऊन असो, याचा आकडा हलत नाही. म्हणून जुना मीटर घ्यायचा तर आधी तो याला लावून बघायचा. मीटर खरा असेल तर दहा हजार दाखवेल. इक्बालभाईंच्या मीटरनं बरोब्बर दहा हजार दाखवलं. मनातून मी हरखले, पण चेहरा कोराच ठेवला. बाजारात पापलेट आवडलं तरी तोंड वाकडं करायचं, ही आमच्याकडची रीत.

"घाई करू नगा," इक्बालभाई म्हणाले. "च्या पिऊन व्हवू द्या, मंग परत बगा."

चहा आला, शेवेची बशी आली, त्यांच्या पत्नी शमीमभाभी घरातून येऊन माझी चौकशी करून गेल्या. मग पाहिलं तर आकडा हळूहळू वर सरकत होता. मीटर तापला की त्याला सगळ्याच गोष्टी जास्त वाटत होत्या.

"म्या लई खटपट केली," ते म्हणाले. "हे बदललं, ते बदललं. पर ह्याला ऊब सोसत न्हाई बगा. तुमास्नी गार असताना इकला असता तर तुमी दुवा देत गेला असता आणि घरी जाऊन शिव्या दिल्या असत्या. तसला धंदा आपल्याला न्हाई जमत."

मी लॉजची चौकशी केली तर ते रागावलेच. "लॉज कशाला? बाईमाणूस, एकली. आमच्या घरी ऱ्हावा." सोड्यांची पिशवी मी भाभींच्या हाती दिली. त्यांनी वास घेतला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "या अल्ला, कदीपासून खाल्लं न्हाई!" एसटीतल्या आजीबाईंनी हे बघायला हवं होतं. त्या संध्याकाळी सोड्यांचं कालवण झालं, पण आमच्यासारखं ओलं खोबरं वाटून नाही, तर सुकं खोबरं आणि कांदा भाजून, काळं तिखट घालून. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी तीनदा वाढून घेतलं. जेवताना भाभींनी विचारलं, "तुमचे मिस्टर मस्कतला व्हय? मंग तुमाला करमतं?" इतकं सरळ मला तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे विचारतात, यंदा काय पाठवलं. मी म्हटलं, "नाही करमत." आणि मग उगाच ताटातला भात सारखा करत बसले.

नसरापूर

नसरापुरात बाजारपेठेच्या टोकाला एका भंगारवाल्याकडे दुसरा मीटर होता. याच्याबद्दल फार लिहीत नाही. भंगारवाल्यानं तो पुसून, वर हार घालून ठेवला होता. "येकदम नवा हाय, पिल्लास्टिकपण काडलं न्हाई." मी मागचं झाकण उघडायला लावलं. आत फ्यूजच्या जागी कुणीतरी जाडजूड तार पिळून बसवलेली आणि खालच्या पट्टीवर जळल्याचा काळा डाग. फ्यूज काय कामाचा असतो ते त्याला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "तार लई मजबूत हाय ताई, कदीच जाणार न्हाई." तेच तर दुखणं होतं. फ्यूज जायचा तिथं आतला मीटर गेला होता.

दोन मीटर हातचे गेले. बाहेर वेल्ह्याच्या जीपा भरत होत्या. मला तिथं रस्त्यावर उभ्या उभ्या रडू यायला लागलं, आणि मी रडले नाही याचं कारण एवढंच, की जीपवाला सारखा "मावशी, चला, येकच शीट" म्हणून ओरडत होता. मावशी! मी रागानं जीपमध्ये चढले.

तोरण्याच्या पायथ्याशी

तिसरं नाव इक्बालभाईंनीच दिलं होतं: शंकरनाना. त्या बंद पडलेल्या कारखान्यात नाना तपासणीच्या टेबलावर कामाला होते. आयुष्य ज्या मीटरपुढं गेलं तोच त्यांनी लिलावात घेतला आणि वेल्ह्याजवळच्या आपल्या वाडीला आणून पडवीत ठेवला. "इकतील का न्हाई, सांगता येत न्हाई," इक्बालभाई म्हणाले होते. "मीटर चांगला हाय. मानूस आडमुठा हाय."

मार्गासनीनंतर खोरं अरुंद होत गेलं. भातं कापून झाली होती. खळ्यावर झोडणी चालू होती, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, आणि सगळीकडे नव्या भाताचा वास. आमच्याकडेही भात आहे, पण आमचं भात पाऊस जाता जाता कापायची घाई असते. इथं माणसं निवांत वाटली. वाडीत उतरले तेव्हा नाना खळ्यावर होते. उंच, हडकुळे, डोक्याला टॉवेल. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. त्यांनी पाय धुतले, टॉवेलानं बोटं एकेक करून कोरडी केली, आणि मगच पडवीतल्या फळीवरचं निळं फडकं उचललं.

मीटर राखी रंगाचा, कोपरे झिजलेले, आकड्यांचे दिवे लाल. डावीकडे एक मुठीएवढा खोलगट पोचा.

"रोज सकाळी चालू करतो थोडा येळ," नाना म्हणाले. "आधी समदी वाडी इचारायची, नाना, आज लाइन किती हाय? लाइन कमी असली तर चक्की लावायची न्हाई, मोटार जळती. म्या हितनं आकडा सांगायचो, मग चक्की चालू व्हायची. आता चक्कीवाल्यानं सोताचा काटा बशीवला. आता कोन इचारत न्हाई."

मी रेझिस्टर काढला, नानांनी वायरी जोडल्या, बटण दाबलं, लाल आकडे उजळले, आणि वीज गेली.

"आता चार वाजता यील," आतून आवाज आला. नानांच्या पत्नी, हौसाबाई. "तवर जेवून घ्या. कवापास्नं उपाशी हाय ती लेक."

मावशीवरून लेक झाले, तेवढ्यानंच बरं वाटलं. नव्या तांदळाचा भात होता, मऊ आणि वासाचा, घेवड्याची आमटी, नाचणीची भाकरी आणि शेंगदाण्याचा खर्डा. नारळ नावाला नाही. आमच्याकडे नारळाशिवाय जेवण म्हणजे उपास. पण ती आमटी मी अजून विसरले नाही. जेवता जेवता नानांनी विचारलं, मीटर कुठं नेणार. मी हर्णै म्हटलं. ते कुठं आलं म्हणाले. मी कौतुकानं सांगितलं, अगदी समुद्रावर, खिडकीतून बंदर दिसतं.

नानांचा घास हातातच राहिला.

"मंग न्हाई द्यायचा."

"अहो, पण का?"

"खारी हवा. वरसात गंज धरंल. म्या वीस वरसं ह्याच्यावर धूळ बसू दिली न्हाई ती काय समुद्राला घालायला? जेवा तुमी. मीटरचं बोलू नगा."

असं म्हणून ते हात धुऊन खळ्यावर निघून गेले. आडमुठा म्हणजे किती आडमुठा! मी पाटावर तशीच बसून राहिले. हौसाबाईंनी माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि विचारलं, "मालक कुठं असत्यात?"

"मस्कतला."

"कदी येणार?"

मी म्हटलं, "मीटर मिळाला की." आणि मग मला काय झालं कोण जाणे, एका अनोळखी बाईपुढे मी सगळं बोलून गेले. साहेब काय म्हणाले ते, शुक्रवारचे फोन कसे आखूड होत गेले ते, 'बघू' ते. म्हटलं, काकू, मला भीती वाटते, त्याला तिकडची सवय होईल, आणि मला त्याच्या नसण्याची होईल. ही दुसरी भीती मी स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते. हौसाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं, उठल्या आणि खळ्याकडे गेल्या. तिथं नवरा-बायकोचं काय झालं ते मला ऐकू आलं नाही. झोडणी तेवढी थांबल्याचं कळलं.

नाना परत आले ते तसेच घुश्शात, पण समोर बसले. "खाऱ्या हवेचं काय करशीला ते सांगा. मंग बगू."

हे मला येत होतं. मी म्हटलं, "नाना, आम्ही समुद्राकाठची माणसं, गंजाशी आमचा रोजचा व्यवहार आहे. आमच्याकडे रेडिओ कपाटात ठेवतात आणि आत लहानसा दिवा लावतात. तो दिवस-रात्र जळत असतो. त्याच्या उबेनं कपाटात दमट हवा राहतच नाही. होड्यांचे सेट मी तसेच सांभाळते. मीटरसाठी तसलं कपाट करीन. काम झालं की आत, दिवा चालू."

"दिवा इजला तर?"

"बदलीन."

"आन लाइट गेली तर?"

"तर तुमच्यासारखी निळ्या फडक्यात बांधून उशाशी घेऊन बसेन."

हौसाबाई हसल्या. नाना हसले नाहीत, पण टॉवेल डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला. तेवढ्यात फळीवरचे लाल आकडे आपोआप उजळले. वीज आली होती.

रेझिस्टर लावला. दहा हजार. आम्ही तिघंही बघत बसलो. मी म्हटलं, तापू द्या. नाना म्हणाले, तापू द्या की, कुणाला घाई हाय. गुरं घरी आली, हौसाबाईंनी धार काढली, शेवटची एसटी वेल्ह्याकडून नसरापूरकडे निघून गेली, आणि आकडा तिथंच होता. नानांनी मग भिंतीतल्या प्लगमध्ये सुया घातल्या आणि खळ्याकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "येकशे अठ्ठ्याऐंशी!" तिथं ऐकायला कुणी नव्हतं. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली. ज्या कामाची आता कुणाला गरज नाही त्याची आठवण येणं म्हणजे काय, ते त्या एका हाकेत होतं.

पैशांचं रात्रीच ठरलं. सकाळी निघायच्या वेळी हौसाबाईंनी मीटरला हळदकुंकू लावलं. पोच्याच्या बरोबर वर. भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून बाहेर टाकला, तो कोंबड्यांनी पळवला. नानांनी मीटर गोधडीत गुंडाळला, पोत्यात पेंढा भरून त्यात बसवला, पोतं सुतळीनं शिवलं, आणि हौसाबाईंनी पोत्यालाही कुंकवाचं बोट लावलं. मग दोन्ही वायरींची नीट गुंडाळी केली आणि आत जाऊन गोठ्याच्या खांबावरच्या खुंटीला अडकवली. तिथं आधीच गुरं बांधायची दोन दावी लटकत होती.

"नाना, वायरी राहिल्या," मी म्हटलं.

"ऱ्हायल्या न्हाईत. ठेवल्यात."

"अहो, वायरींशिवाय मीटर काय कामाचा?"

"तुमच्याकडं जनावर इकताना दावं देत्यात का?"

मी म्हटलं, आमच्या घरी जनावरं नव्हती, होडी होती. नानांना माझी दया आली असावी. त्यांनी सावकाश समजावलं. "जनावर द्यायचं, दावं द्यायचं न्हाई. दावं घरात ठेवायचं. म्हंजी गोठा रिकामा पडत न्हाई. जे गेलं ते न्हाईतर दुसरं, कायतरी त्या दाव्याला परत येतंच. दावं पण दिलं, म्हंजी समदंच धाडून दिलं. मागं कायच ठेवलं न्हाई."

"पण नाना, हा मीटर आहे. म्हैस आहे का?"

"मला तुमी सांगू नगा त्यो कोन हाय ते," नाना म्हणाले, आणि खुंटीवरची गुंडाळी पुन्हा सारखी केली.

मग मी वाद घातला नाही. फक्त प्लगची वायर मागून लोंबत होती तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, ही नाही का ठेवून घेत? हौसाबाई म्हणाल्या, "ती शेपटी हाय. शेपटी कशी काडायची?" यावर मात्र नानाही हसले. जीप आली. त्यांनी पोतं स्वतः माझ्या मांडीवर ठेवलं. जीप वळेपर्यंत दोघं उभे होते. पण नानांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, पोत्याकडे होतं.

परत हर्णै

परतीचं विशेष काही नाही. भोरला इक्बालभाईंनी पोत्यावरचं कुंकू पाहून मान डोलवली आणि म्हणाले, "म्हंजी मनापासनं दिलाय." घाटात पुन्हा भजी खाल्ली, या वेळी सगळी. महाडच्या पुढे हवेत खारट दमटपणा आला तशी मी पोतं पदराखाली घेतलं. शेजारच्या बाईला वाटलं, आत मूल आहे.

शुक्रवारी संध्याकाळी नेहमीसारखी टेलिफोन बूथवर जाऊन बसले. सदानंदचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "मीटर कसा आहे?"

मी आकडे सांगितले. तापल्यावरचेसुद्धा. तो "वा!" म्हणाला, अगदी पॉलिटेक्निकमध्ये म्हणायचा तसं. साहेब पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार तेही सांगितलं. मग वायरींचा किस्सा सांगितला. खुंटी, दावं, शेपटी, सगळं. दाव्याबद्दल नाना बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, हा हसेल. अंगारे-धुपारे, मुहूर्त, कशावर म्हणून याचा विश्वास नाही. लग्नाच्या वेळी आमच्या भटजींशी भांडलेला माणूस.

तो हसला नाही. म्हणाला, "मग आता कुठल्या वायरी लावणार?"

"तुझ्या आहेत ना खिळ्याला. तू विसरून गेलास त्या."

पलीकडे घरघर वाढली. मला वाटलं, लाइन तुटली. मी "हॅलो, हॅलो" केलं.

"विसरलो नव्हतो गं," तो म्हणाला. "निघताना हातात घेतल्या होत्या. परत अडकवल्या. म्हटलं, माझं काहीतरी तिथं असू दे." मग म्हणाला, "त्या काढू नकोस. मालकाशी उद्या बोलतो मी. पण तोवर त्या तिथंच राहू देत."

बूथवाला उगाच टेबल पुसत होता आणि ऐकत होता. मी 'आमचे हे' वगैरे सगळं विसरून एवढंच म्हटलं, "ये रे लवकर."

घरी येऊन दिवा लावला. मीटरसाठी नव्या वायरी मीच कापल्या, सुया डाख देऊन बसवल्या. सदानंदच्या वायरींवर तीन वर्षांची धूळ होती, ती जागच्या जागी फडक्यानं पुसली. पुसताना लक्षात आलं, खिळा सैल झाला होता. हातोडी आणली आणि तो ठोकून घट्ट केला.